शेवटचा डबा, बारा सायकली

४ फेब्रुवारी

मामा,

आधी नमस्कार, मग बातमी, मग तक्रार. फोनवर तुला माझं बोलणं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जोडतोस. म्हणून पत्र.

बातमी अशी की मला नोकरी लागली. दवाखान्यात एका जागी बसून नाही, घरोघरी जाऊन. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उभं करायचं, चालवायचं. सात पेशंट, सगळे शेवटच्या स्टेशनच्या पलीकडे, एकमेकांपासून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवर. तिकडे बस तासाला एक, तीही तिची मर्जी असेल तर. म्हणजे सायकल हवीच. आणि सायकल इथे, पेशंट तिथे, मधे आपली सकाळची गाडी.

आता तक्रार. काल सायकल घेऊन गाडीत चढले. कशी चढले ते विचारू नकोस. तीन स्टेशनं एका पायावर काढली. एका गृहस्थांची पँट पॅडलमध्ये अडकली आणि थेट गुडघ्यापर्यंत उसवली. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी आज बढतीच्या मुलाखतीला चाललोय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चौथ्या स्टेशनवर गार्ड स्वतः आला आणि त्याने मला सायकलसकट खाली उतरवलं. पुढचे एकोणीस किलोमीटर पॅडल मारत गेले.

पहिले पेशंट म्हणजे एक म्हातारे सुतार. उजवी बाजू गेलीय. मी दीड तास उशिरा पोचले, तर ते बूट घालून, वॉकर पुढ्यात घेऊन, खुर्चीत ताठ बसलेले. त्यांची सून म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत. काढू देत नाहीत बूट."

मामा, तू एकतीस वर्षं गार्ड होतास. नियम काय आहे ते सांग, आणि नियमात बसत नसेल तर कसं बसवायचं ते सांग.

गुडघ्याचे व्यायाम करतोस ना? मामीला विचारीन हं.

तुझी भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

नोकरीबद्दल अभिनंदन. मामीने शेजारच्या तीन घरांत सांगून झालंय.

बाकी पत्र वाचून डोकं फिरलं. सकाळच्या गाडीत सायकल? त्या गाडीत माणसाला स्वतःचा हात खाजवायला जागा नसते. मी माझ्या नोकरीत किती सायकलवाले खाली उतरवले त्याची गणती नाही, आणि एकालाही उतरवताना मला वाईट वाटलेलं नाही. तुझ्या त्या गार्डने बरोबर केलं. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच स्टेशनवर उतरवलं असतं.

नियम विचारलास म्हणून सांगतो. नियमात सायकलीचं नावच नाही. "सहप्रवाशांस अडचण होईल असे सामान" एवढंच आहे. अडचण झाली की नाही हे गार्डने ठरवायचं. म्हणजे गार्डच्या नजरेत अडचण दिसली नाही, तर ती नाही.

बसने जा. एक बस चुकली तर दुसरीने जा.

आणि माझं न ऐकता सायकल नेणारच असशील (नेणार आहेस, तुझ्या आईचीच तू), तर मधल्या डब्यात मरायला जाऊ नकोस. शेवटचा डबा, त्यातलं शेवटचं दार, गार्डच्या खोलीला लागून. जिने फलाटाच्या मध्यावर असतात, म्हणून तिथवर चालत यायचा लोकांना कंटाळा येतो. पॅडल पाना लावून काढून ठेव. आणि चढताना गार्डच्या डोळ्यांत बघून नमस्कार कर. चोरासारखी चढलीस की तो चोर समजणारच.

मी हे सांगितलं असं कुठे बोलू नकोस.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा,

जमलं. चार दिवस रोज जमलं.

शेवटचं दार म्हणजे तर वेगळंच गाव आहे. इतकी वर्षं मी गाडीच्या मधोमध घुसमटत होते आणि मागे ही माणसं आरामात श्वास घेत होती. पॅडल पिशवीत, हँडल वळवलेलं, गार्डला नमस्कार. पहिल्या दिवशी तो तोंड फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी मान हलवली. काल म्हणाला, "आज पुढच्या स्टेशनला गर्दी आहे, भिंतीला चिकटून राहा."

आणि मी एकटी नाही. एक बेकरीवाल्या ताई आहेत, पहाटे पाव भाजून झाला की शहरातून दुसऱ्या दुकानात जातात, त्यांची मोठ्या कॅरिअरची सायकल. एक गणिताचे सर आहेत, त्यांची शाळा शेवटच्या स्टेशनपासून सहा किलोमीटर. आम्ही तिघं एकमेकांना बघून असे हसलो, जणू जत्रेत हरवलेली भावंडं भेटली. आता आम्ही नऊ झालोय. गर्दीतले लोक कुरकुरतात, पण सर त्यांना गणितं घालतात. "माझी सायकल अडीच माणसांची जागा खाते, मान्य. पण तुमची ही बॅग?" मग सगळे त्या बॅगेकडे बघतात.

सुतार आजोबा काल वॉकर धरून सात पावलं चालले. आजार झाल्यापासूनचे पहिले सहा महिने सोन्याचे असतात मामा. तेवढ्यात जे परत येतं ते येतं, पुढे फार कठीण. त्यांचे साडेतीन महिने गेलेत.

पण आज सकाळी फलाटावर नोटीस लागली. एक मार्चपासून गर्दीच्या वेळी गाडीत सायकल पूर्ण बंद. मी उशिरा पोचत राहिले तर हे सातही पेशंट माझ्याकडून काढून घेतील, आणि त्या भागात जायला दुसरं कुणी तयार नाही.

आम्ही नऊजण अर्ज करणार आहोत. तू त्या खात्यातला माणूस. अर्जात काय लिहायचं ते सांग. वर तुझं नाव घालू का? एकतीस वर्षांच्या गार्डने लिहिलंय म्हटल्यावर वजन पडेल.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

माझं नाव घालू नकोस. अर्जही करू नका. नोटीस लागली ते बरं झालं, आधीच लागायला हवी होती.

मी तुला शेवटच्या डब्याचं सांगायला नको होतं. चूक झाली.

मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

चार ओळी. ठीक आहे.

लहानपणी मला वाटायचं तुझ्या शिट्टीने गाडी सुटते म्हणजे तू किती मोठा माणूस. आता वाटतं, तू फक्त शिट्टी वाजवलीस. गाडीत कोण बसलंय हे कधी बघितलंच नाहीस. सुतार आजोबा तुझ्यासाठी "सहप्रवाशांस अडचण" आहेत.

अर्ज आम्ही करतोय. तुझं नाव नाही घातलं.


५ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र खिशात घालून नऊ दिवस हिंडलो. उत्तर लिहायला बसलो की उठायचो.

माझा गुडघा जिन्यावरून पडून गेला असं सगळ्यांना माहीत आहे. तू शिकत होतीस तेव्हा एकदा तपासून म्हणाली होतीस, "मामा, हे पडल्याचं वाटत नाही, बाहेरून मार बसल्यासारखं आहे." मी तेव्हा तुला चहा करायला पिटाळलं. तुझं बरोबर होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीची सकाळ. एक जण सायकल घेऊन आला. बायकोला दवाखान्यात नेलंय, शेवटच्या स्टेशनला उतरून तिथून जायचंय, हात जोडून उभा राहिला. मी माझ्या खोलीलगतच्या डब्यात घेतलं त्याला. तेव्हा दारं उघडीच असायची. त्याने सायकल दाराजवळ टेकवली. मी बांधायला सांगितलं नाही, त्यालाही सुचलं नाही. पुढच्या स्टेशनात शिरताना वळणावर ती सरकली आणि पुढचं चाक दाराबाहेर आलं. फलाटावर माणसं कडेला उभी, गाडी शिरतेय, आणि चाक त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर.

मी ओरडलो. कुणी ऐकलं नाही. गाडीचा वेग उतरला होता. उडी मारली, चाकाच्या पुढे धावलो, माणसं मागे लोटली. शाळेच्या मुलींची रांग होती. शेवटची मुलगी बाजूला झाली आणि चाक माझ्या गुडघ्यावर बसलं. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

खरं लिहिलं असतं तर त्या माणसावर खटला झाला असता, त्याची बायको दवाखान्यात. आणि माझी नोकरी गेली असती. अहवालात लिहिलं, पायरीवरून घसरलो. घरी सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्यानंतर एकही सायकल डब्यात येऊ दिली नाही. लोकांना वाटायचं, फार कडक माणूस आहे. कडक नव्हतो, भ्यायलो होतो. प्रत्येक सायकल दिसली की मला त्या मुली दिसायच्या.

तू लिहिलंस, गाडीत कोण बसलंय हे मी बघितलं नाही. एकदा बघितलं होतं.

पण या नऊ दिवसांत एक गोष्ट डोक्यात आली, ती इतक्या वर्षांत आली नव्हती. सायकल वाईट नव्हती. ती बांधलेली नव्हती.

अर्जाचं काय झालं?

मामा

ता.क. भिंगरी, मी मामी. हे पत्र मी आत्ता वाचलं. एकोणीस वर्षं मी या गुडघ्याला तेल चोळतेय आणि खरी हकीकत आधी तुला कळतेय. त्या जिन्याला मी किती शिव्या घातल्या असतील. घरमालकाकडून कठडासुद्धा बसवून घेतला. यांच्याशी दोन दिवस बोलणार नाही असं ठरवलंय, आज संध्याकाळपर्यंत टिकलं तर बघू.


९ मार्च

मामा,

मी ते पत्र लिहायला नको होतं. समोर असतास तर पाया पडले असते आणि मग रडले असते. इथे फक्त रडले.

आता ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आमचं बोलावणं आलं. वाहतूक अधिकारी म्हणून एक बाई आहेत, चष्मा कपाळावर, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. आता आम्ही बारा जण. सगळे सायकलींसकट त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर. आत तिघांनाच सोडलं. सर आकडे मांडायला लागले, बाईंनी हात वर करून थांबवलं. "मला आकडे नकोत. अपघात झाला तर जबाबदार कोण, ते सांगा."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "अपघात सायकलीने होत नाही, न बांधलेल्या सायकलीने होतो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकतीस वर्षं गार्ड असलेल्या माणसाने."

नाव विचारलं. मी सांगितलं नाही, तू नको म्हणाला होतास.

पाच दिवसांची चाचणी मिळाली मामा. सोमवार २३ ते शुक्रवार २७. शेवटच्या डब्याचा मागचा अर्धा भाग, बाराच सायकली. अटी दोन. प्रत्येक सायकल बांधलेली हवी. आणि गाडी प्रत्येक स्टेशनवर तीस सेकंद थांबते, सायकलीसाठी दार एकदा जरी अडवून धरावं लागलं, तर चाचणी त्याच क्षणी बंद. शुक्रवारी बाई स्वतः डब्यात असणार.

तीस सेकंदांत, गर्दीत, तीन स्टेशनांवर मिळून बारा सायकली चढवायच्या आणि चार स्टेशनांवर उतरवायच्या. काल रविवारी रिकाम्या गाडीत करून बघितलं तर आमची हँडलं एकमेकांत अशी अडकली की सोडवायला दोन स्टेशनं लागली.

सध्या बसने जातेय. आजोबांकडे या आठवड्यात दोनदाच पोचले. सात पावलांची पुन्हा चार झाली.

मला तू हवा आहेस. लवकर लिही.

भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरी,

सोबत पार्सल आहे. बारा पट्टे. जाड गादीपाटाच्या कापडाचे, बकल लावलेले. मामीने शिवले. (बोलायला लागली. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.) ओढून बघितलेत, माझं वजन पेलतात, त्या प्रयोगात खुंटी भिंतीतून निघाली.

आता नीट वाच आणि सगळ्यांना वाचून दाखव.

उजवी भिंत शेवटच्या स्टेशनवाल्यांची. डावी भिंत मधे उतरणाऱ्यांची. कुणी कुठे चढलं याला किंमत नाही, कुठे उतरणार याला आहे. चुकीच्या भिंतीला लावायची नाही, तिथे जागा मोकळी दिसली तरी नाही.

एकीचं हँडल पुढे, दुसरीचं मागे. मग ती अडकत नाहीत.

फलाटावर दाराच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आधी उतरणारे उतरू देत. ते सहा-सात सेकंद वाया गेले असं वाटतं, पण तेच वाचवतात.

पट्टा चढायच्या आधीच सीटच्या दांड्याला बांधून ठेवा, आत गेल्यावर फक्त भिंतीच्या कडीत अडकवायचा. हे डोळे मिटून करता आलं पाहिजे. घरी खिडकीच्या गजाला शंभर वेळा करा. मी इथे केलं, चार सेकंद लागतात. मामीला तीन लागतात, ती सारखी सांगत असते.

आणि दार मिटायला लागलं तर जो बाहेर असेल त्याने बाहेर राहायचं. हात घालायचा नाही. एकाची गाडी चुकली तर बारा जणांची राहते.

रोजचे सेकंद कळव.

मामा


२४ मार्च

मामा, कार्ड लिहितेय, जागा कमी.

सोमवार: सगळ्यात वाईट स्टेशन सत्तावीस सेकंद. मंगळवार: चोवीस. दोन्ही दिवस एकही दार अडलं नाही. मामीचे पट्टे लोक हात लावून बघतात. गार्ड म्हणाला, "तुमच्याकडून बाकीच्यांनी चढायला शिकावं." आज एक आजी माझ्या सायकलीच्या सीटवर बसून आल्या, बांधलेली होती म्हणून पडल्या नाहीत. आजोबा नऊ पावलं. मला रात्री झोप येत नाही, इतका आनंद झालाय, पण शुक्रवारची धाकधूक आहे.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी, घाईत लिहितेय.

हे आज सकाळी दात काढायला जातो म्हणून निघालेत. आपल्या गावात दातांचा डॉक्टर आहे, तो चालत पाच मिनिटांवर. यांनी बरोबर दोन दिवसांचे कपडे घेतले, चांगले बूट घातले, आणि दात दुखत असताना दोन भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे खाऊन गेले. मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं जिन्यावर विश्वास ठेवला, आता दातावरही ठेवते.

पण तो गुडघा. तुझ्याकडे आलेत का? आले असतील तर त्यांना फार वेळ उभं करू नकोस.

मामी


२९ मार्च

मामी,

तुझं पत्र काल मिळालं. दाताचा पेशंट माझ्याकडे आला नाही. पण मी त्याला बघितलं. सगळं सांगते.

शुक्रवारी मी नेहमीसारखी तिसऱ्या स्टेशनवर. तिथून आम्ही पाच जण चढतो. बघते तर फलाट फुललेला, पाय ठेवायला जागा नाही. आधीची गाडी रद्द झाली होती. दोन गाड्यांची माणसं एका गाडीत जाणार. आणि आज अधिकारी बाई डब्यात.

बेकरीवाल्या ताईंचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "सोड गं. चढलो तर दार अडणार. नाही चढलो तर त्या लिहिणार, गर्दी झाली की यांचा उपयोग नाही. दोन्हीकडून मेलो." सर नुसता पट्टा बांधत आणि सोडत राहिले. मी ठरवलं की माणसं आधी, आपण थांबायचं. तसं चौघांना सांगणार, तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली, आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

मामी, तो आवाज तू घरी कधी ऐकला नसशील. मोठा नव्हता. ओरडणं नव्हतं. पण असा की ऐकणाऱ्याचे पाय आधी हलतात आणि मग तो विचार करतो.

"उतरणाऱ्यांना वाट द्या. डबा मधे रिकामा आहे, आतले आत सरका. दारातले साहेब, तुम्ही दोन पावलं. हं. सायकलवाले, मागच्या चाकावर उभ्या करा, छातीशी धरा. एक सायकल, एक माणूस. आता चला."

कुणी मागे वळून बघितलं नाही. सगळे हलले. मी सायकल घोड्यासारखी उभी केली आणि आत गेले. माझ्यामागे ताई, सर, उरलेले दोघं. आत एका माणसाने न सांगता माझं पुढचं चाक वर धरलं. कडीत पट्टा अडकला. माझी पाठ कुणाला तरी लागली, बघते तर अधिकारी बाई, मडगार्ड आणि भिंत यांच्यामधे चेपलेल्या, बाहीला चेनचं काळं लागलेलं. मी माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "ते नंतर. आधी आत सरका, अजून दोघं चढतायत."

दारं मिटली. कुठेही अडली नाहीत.

काचेतून बघितलं. फलाटावर मामा, चांगले बूट, डाव्या हातात घड्याळ. त्याने आमच्या दारापासून डब्याच्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली आणि उजवा हात सरळ वर केला. झेंडा नव्हता हातात. आमचा गार्ड खिडकीतून बाहेर वाकला होता, त्याने तो हात बघितला आणि गाडी सोडली.

मी काचेवर हात आपटत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. गाडी बघत होता.

मला परत फिरता आलं नाही, पुढे सात पेशंट. संध्याकाळी त्या स्टेशनवर गेले, तर तो नव्हता. आजोबा त्या दिवशी घराच्या फाटकापर्यंत आले, सून मोजत होती, एकवीस पावलं. हे मला मामाला सांगायचं होतं.

आणि काल निकाल आला. सहा महिने परवानगी. शेवटचा डबा, मागचा अर्धा भाग, बाराच सायकली, पट्टा सक्तीचा. खाली बाईंनी हाताने एक ओळ लिहिलीय: "फलाटावरील गृहस्थांना माझा नमस्कार कळवावा."

तो घरी पोचला का? आणि मामी, त्याला विचार, माझ्याशी एक शब्दही न बोलता का गेला?

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरी,

पोचलो. दात शाबूत आहेत. मामीला सगळं सांगितलं, तिने तुझं पत्र पुढ्यात टाकलं तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

तुझ्याशी बोललो नाही, कारण गाडी उभी असताना गार्ड नातेवाइकांशी बोलत नाही. आणि संध्याकाळपर्यंत थांबलो नाही, कारण गुडघा सुजला होता आणि तू तो बघितला असतास. आता सूज उतरलीय. तू सांगितलेले व्यायाम करतोय, हे खरं आहे, मामीला विचार.

एकवीस पावलं म्हणजे फार झालं. त्यांना सांग, घाई करू नका, पण बूट रोज घाला.

तू काचेतून जे बघितलंस त्याच्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. गाडी वळणावरून गेली. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मी दाराकडे बघत होतो. काही बाहेर आलं नाही. घड्याळ बघितलं, अठ्ठावीस सेकंद. फलाट मोकळा झाला होता. मला बाकापर्यंत जायचं होतं, ते जमेना. गुडघ्यामुळे नव्हे.

तेवढ्यात स्टेशन मास्तर धावत आला. तरुण आहे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "गाडी सोडायचा हात तुम्ही केलात? तुम्ही कोण?"

मी म्हणालो, "गार्ड."

त्याने मान डोलवली, मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला. पुढची गाडी येईपर्यंत आम्ही बोलत बसलो होतो. निवृत्त झालोय, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

मामा